कुणाच्या हाती किती द्यायचं

पुण्यात छोट्या ऑफिसांचं नेटवर्क लावून देणं आणि ते चालू ठेवणं हा माझा व्यवसाय. सीए, दवाखाने, कोचिंग क्लास, भोसरीतले काही छोटे कारखाने असे माझे ग्राहक. गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, एखादा चांगला व्हीपीएन सांगा ना." त्यामागोमाग दुसरा: "आणि ब्राउझर कुठला सेफ?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, आणि मी नाव सांगायच्या आधी त्यालाच चार प्रश्न विचारते. काहींना ते चेंगटपणाचं वाटतं. त्या विचारपुशीमागे जे शहाणपण साठलंय, ते इथे क्रमाने मांडते.

१. व्हीपीएन घेतला तरी भरवसा कुणावर तरी ठेवावाच लागतो

घरचं ब्रॉडबँड वापरताना ते पुरवणाऱ्या कंपनीला काय दिसतं? आज बहुतेक सगळ्या साइट्स कुलूपबंद, म्हणजे 'एचटीटीपीएस' असतात. त्यामुळे पानावर तुम्ही काय वाचलंत किंवा कुठला पासवर्ड टाकलात हे कंपनीला दिसत नाही. कुठल्या साइटवर, कधी, किती वेळ होतात हे मात्र दिसतं. साइटचा पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा बहुधा उघडी जाते आणि जोडणी सुरू होतानाही साइटचं नाव बहुतेक वेळा उघडच सांगितलं जातं.

व्हीपीएन सुरू केला की तुमचं यंत्र आणि व्हीपीएनचा सर्व्हर यांच्यामध्ये एक बंद बोगदा तयार होतो. ब्रॉडबँडवाल्याला आता फक्त बोगद्याचं तोंड दिसतं. जे आधी त्याला दिसत होतं, ते सगळं आता बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कंपनीला दिसतं. पहिला तुमच्या गल्लीतला, लायसन्सच्या अटींनी बांधलेला, बिल थकलं तर दारात येणारा. दुसरा कदाचित पनामात किंवा ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये नोंदलेला. दूरचा म्हणून तो वाईट ठरत नाही. इथल्या कुणाचा हात तिथवर पोचू नये म्हणूनच काहींना तो हवा असतो. पण आपण इथे पाळत टाळलेली नसते, पाळत ठेवू शकणारा बदललेला असतो, एवढं ध्यानात असावं.

२. "कुणापासून लपायचंय?" हे आधी ठरवावं

एका डॉक्टरांना घरून दवाखान्यातले रिपोर्ट पाहायचे होते. त्यांनी महिन्याचं व्हीपीएन वर्गणीचं पानच उघडून ठेवलं होतं. त्यांना बाहेरच्या कुठल्याच कंपनीची गरज नव्हती. दवाखान्यातल्या राउटरवरच 'वायरगार्ड' हा व्हीपीएन चालू करून दिला. बोगद्याची दोन्ही टोकं त्यांचीच राहिली. व्हीपीएनचा हा मूळ उपयोग जाहिरातींच्या गदारोळात लोक विसरूनच गेलेत.

सतत प्रवास करणाऱ्या, हॉटेलचं वायफाय वापरणाऱ्या सीएला विकतचा व्हीपीएन उपयोगी आहे. ज्या पत्रकाराला माहिती पुरवणाऱ्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, त्याला तेवढा पुरणार नाही. त्याने 'टॉर ब्राउझर'कडे वळावं. टॉरमध्ये तुमची वाहतूक तीन वेगवेगळ्या टप्प्यांतून जाते आणि तुम्ही कोण व कुठे चाललात या दोन्ही गोष्टी एकाच टप्प्याला कळत नाहीत. त्याचा वेग कमी असतो, आणि ती किंमत ज्याला परवडते त्यालाच ते सांगावं.

आणि दुबईत नोकरीला असलेला मुलगा घरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल करता यावा म्हणून व्हीपीएन टाकायचा म्हणतो, तेव्हा त्याच्या आईला मी तिथला कायदा सांगते. गुन्हा करण्यासाठी आयपी पत्ता लपवला तर संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. व्हीपीएन वापरणं तिथे सरसकट गुन्हा नसलं, तरी "सगळेच वापरतात" एवढ्यावर तिथे राहणाऱ्याने विसंबू नये.

३. फुकट दिसलं की "खर्च कोण करतंय?" हे विचारावं

सर्व्हर, वीज, बँडविड्थ यांना पैसे लागतात. एका दवाखान्याच्या इंटरनेटवर अचानक प्रत्येक साइट "तुम्ही रोबोट नाही ना" असं विचारायला लागली, सरकारी पोर्टल तर उघडेचना. शोधत गेले तेव्हा रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर एक फुकट व्हीपीएन सापडला. तो दवाखान्याची लाइन परस्पर अनोळखी लोकांना वापरायला देत होता. त्यांनी कुठे काय उद्योग केले असतील ते असोत, पण नोंद मात्र डॉक्टरांच्या आयपी पत्त्यावर पडत होती.

हा धंदा जुना आहे. २०१५ मध्ये 'होला' या लोकप्रिय फुकट सेवेबद्दल हेच उघड झालं: वापरणाऱ्यांच्या जोडण्या दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली विकल्या जात होत्या. फेसबुकने २०१३ मध्ये 'ओनावो' ही इस्रायली कंपनी विकत घेतली. 'ओनावो प्रोटेक्ट' हा व्हीपीएन संरक्षणाच्या नावाखाली लोकांच्या फोनवर गेला आणि लोक कुठली अ‍ॅप्स किती वापरतात याची माहिती फेसबुकला मिळत राहिली. व्हॉट्सअ‍ॅप किती वेगाने वाढतंय हे त्यातूनच दिसत होतं, हे ब्रिटिश संसदेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत आलं. त्याच वर्षी अ‍ॅपलने तो आपल्या स्टोअरमधून काढायला लावला, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कोर्टाने मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच, दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

२०१६ मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन अ‍ॅप्स तपासली होती. त्यातली १८ टक्के अ‍ॅप्स वाहतूक कुलूपबंद करतच नव्हती, आणि ७५ टक्क्यांमध्ये बाहेरच्यांचे ट्रॅकर होते. बोगदा म्हणून जे घेतलं, त्याच्या भिंतीच नव्हत्या.

फुकटातले सगळे असे नसतात. काही कंपन्या पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देतात, 'प्रोटॉन' हे त्याचं उदाहरण. खर्च कोण उचलतंय याचं सरळ उत्तर तिथे मिळतं. जिथे ते मिळत नाही, तिथे तो खर्च आपल्याच खिशातून निघतोय असं मी धरते.

४. "नो लॉग्ज" या दोन शब्दांची परीक्षा कोर्टात होते

"आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही" हे वाक्य जवळपास प्रत्येक व्हीपीएनच्या मुखपृष्ठावर असतं. 'आयपीव्हॅनिश'च्या मुखपृष्ठावरही होतं. तरी २०१६ मध्ये त्या कंपनीने अमेरिकी तपास यंत्रणेला एका ग्राहकाच्या नोंदी दिल्याचं २०१८ मध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं. २०१७ मध्ये 'प्युअरव्हीपीएन'च्या नोंदींवरून एफबीआयने एका स्त्रीचा छळ करणाऱ्या माणसाला पकडलं. छळ करणारा सापडला याचं मला दुःख असायचं कारण नाही. पण "नोंदी नाहीत" असं म्हणणाऱ्यांकडे नोंदी होत्या, हे मात्र त्यातून कळलं.

२०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएनच्या नोंदी इंटरनेटवर कुलपाविना पडलेल्या सापडल्या. त्या सातही सेवा नोंद ठेवत नसल्याचं सांगत होत्या.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी 'मलवाड' या व्हीपीएनच्या गोटेनबर्गमधल्या ऑफिसात झडतीचं वॉरंट नेलं आणि ते रिकाम्या हाताने परतले. मलवाड खातं उघडताना नाव, ईमेल, फोन काहीच मागत नाही; सोळा आकडी क्रमांक देतं, महिन्याला ५ युरो घेतं, आणि ते पाकिटात घालून रोख पाठवले तरी चालतात. 'एक्स्प्रेसव्हीपीएन'चा तुर्कस्तानातला सर्व्हर तिथल्या यंत्रणेने २०१७ मध्ये रशियन राजदूताच्या हत्येच्या तपासात ताब्यात घेतला होता. त्यातूनही काही निघालं नाही.

या पाच गोष्टी शेजारी ठेवल्या की माझा पहिला निकष तयार होतो. कंपनीचा मालक सज्जन आहे का, हे मला पुण्यात बसून कळणार नाही. पण उद्या त्याच्या दारात पोलीस, चोर किंवा खरेदीदार उभा राहिला तर त्याच्याकडे द्यायला काय असेल, हे बरंचसं कळू शकतं. जे जवळ नाही ते ना मागून नेता येतं, ना चोरून, ना विकत घेऊन.

५. कंपनी तीच राहते, मालक बदलतो

ज्या एक्स्प्रेसव्हीपीएनची बाजू मी आत्ताच मांडली, तीच कंपनी २०२१ मध्ये 'केप टेक्नॉलॉजीज'ने ९३.६ कोटी डॉलरना विकत घेतली. 'सायबरघोस्ट' आणि 'प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस' हेही केपचेच. या केपचं पूर्वीचं नाव 'क्रॉसरायडर'. त्या नावाने ती ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडली गेलेली होती. शिवाय त्याच वर्षी केपने 'व्हीपीएनमेंटॉर' ही परीक्षणांची साइट चालवणारी कंपनीही घेतली. म्हणजे माल एकाचा आणि मालाचं परीक्षणही त्याच घरातलं.

यात बेकायदा काही नाही. मात्र "दहा सर्वोत्तम व्हीपीएन" अशी यादी वाचताना ती कुणाच्या पैशावर चालते हे पाहायची सवय मला तेव्हापासून लागली. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्येच व्हीपीएनची शिफारस करणाऱ्यालाही कूपन कोडमागे कमिशन असतं. ग्राहकांना मी तीन वर्षांची स्वस्त वर्गणी एकदम भरू देत नाही, त्याचं कारणही हेच. तीन वर्षांत ती कंपनी कुणाची असेल ते आज कुणी सांगावं?

६. सर्व्हर कुठल्या देशात आहे हा कायद्याचा प्रश्न आहे

२८ एप्रिल २०२२ रोजी आपल्या सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढले: व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचं कारण अशी माहिती नोंदवावी आणि ग्राहक सोडून गेल्यावरही किमान ५ वर्षं जपावी. नोंद न ठेवण्यावरच ज्यांचा धंदा उभा, त्यांच्यापुढे मग एकच वाट होती. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही असा खुलासा नंतर आला, त्यामुळे माझ्या कारखानदारांचा जीव भांड्यात पडला.

आज अशा अ‍ॅपमध्ये "इंडिया" निवडलं तर भारतीय आयपी पत्ता मिळतो खरा, पण यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला असू शकतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना भारतातली मालिका बघायला तेवढं पुरतं. पण ज्या व्हीपीएनचा सर्व्हर खरोखरच भारतात आहे आणि जो तरीही "नोंद नाही" म्हणतो, त्याने एक तर कायदा मोडलाय किंवा शब्द.

७. व्हीपीएनपेक्षा ब्राउझरला जास्त दिसतं

लोक व्हीपीएनवर तासभर चर्चा करतात आणि ब्राउझर जो आयता आला तो वापरतात. खरं तर बोगद्यातून आलेलं सगळं ब्राउझरमध्येच उलगडतं. तुम्ही टाइप करता तो शब्द, वाचता ते पान, भरता तो फॉर्म, सगळं तिथे उघडं असतं. जीमेलमध्ये लॉगिन करून व्हीपीएन लावला तर गूगलला तुमचं शहर कदाचित चुकीचं कळेल, पण तुम्ही कोण हे ठाऊकच असतं.

'इन्कॉग्निटो'बद्दलचा गैरसमज तर फारच पक्का आहे. ती खिडकी बंद केली की तुमच्या कॉम्प्युटरवरचा इतिहास पुसला जातो; साइटला, ऑफिसच्या नेटवर्कला, ब्रॉडबँडवाल्याला जे दिसायचं ते दिसतंच. अमेरिकेत याच गैरसमजावरून गूगलवर २०२० मध्ये दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं आणि त्या खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट केली.

कुकी पुसूनही ओळख पुसत नाही. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, भाषा अशा बारीकसारीक गोष्टींची बेरीज करून ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या २०१० च्या अभ्यासात ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले होते. आयपी पत्ता बदलला तरी हा ठसा तोच राहतो.

आणि एक्स्टेन्शन. एका कोचिंग क्लासमध्ये पीडीएफ जोडण्याचं साधं एक्स्टेन्शन होतं, वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं. एक दिवस शोधाचे निकाल भलत्याच साइटवरून यायला लागले. मूळ बनवणाऱ्याने ते दुसऱ्याला विकलं होतं, आणि नव्या मालकाचं अपडेट मुकाट्याने बसलं होतं. संरक्षणासाठी घेतलेलं एक्स्टेन्शनही याला अपवाद नाही. 'अवास्ट' या अँटिव्हायरस कंपनीने एक्स्टेन्शन आणि अँटिव्हायरसमधून जमवलेला लोकांचा ब्राउझिंग इतिहास आपल्या 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकला. २०२४ मध्ये त्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याकडून १.६५ कोटी डॉलर भरून घेतले.

८. ब्राउझर बनवणाऱ्यांचं पोट कशावर चालतं ते पाहावं

सगळेच ब्राउझर आपल्याला फुकट मिळतात, म्हणून तिसरा मुद्दा इथेही लागू होतो.

क्रोमचा मालक जाहिरातींवर जगतो. २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत तिसऱ्या पक्षाच्या कुकीज बंद करायचं जाहीर केलं, मग तारीख पुढे ढकलत २०२४ मध्ये तो बेतच सोडला. सफारी आणि फायरफॉक्सने हे काम त्याच्या आधीच केलेलं होतं. क्रोमच्या सुरक्षेबद्दल मला शंका नाही. चोराला दाराबाहेर ठेवण्यात तो उत्तमच आहे. प्रश्न घरमालकाच्या नजरेचा आहे.

पण बाकीचेही गंगेत न्हालेले नाहीत. २०२२ मध्ये सफारीत गूगल सर्च आधीपासून ठेवण्यासाठी गूगलने अ‍ॅपलला २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झालं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भागही अशाच करारातून गूगलकडून येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत "आम्ही तुमचा डेटा कधीही विकत नाही" हे वचन मोझिलाने आपल्या पानांवरून काढलं. काही ठिकाणच्या कायद्यांत "विक्री"ची व्याख्या फार रुंद आहे, असं कारण दिलं. 'ब्रेव्ह' गोपनीयतेचा झेंडा घेऊन आला आणि २०२० मध्ये पत्त्याच्या पट्टीत काही क्रिप्टो साइट्सची नावं टाइप केल्यावर आपला कमिशनचा कोड जोडताना सापडला. 'डकडकगो'च्या मोबाइल ब्राउझरने २०२२ मध्ये एका करारापायी मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना वाट मोकळी ठेवली होती.

ही यादी वाचून "सगळे सारखेच चोर" म्हणणं सोपं आहे, आणि चुकीचंही. ब्रेव्हच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागून तो प्रकार बंद केला, डकडकगोने काही महिन्यांत करार बदलून ते ट्रॅकर अडवले. दोन्ही गोष्टी बाहेरच्या लोकांनी शोधल्या, कारण शोधता येतील अशी सोय होती. माझा दुसरा निकष तो आहे: चूक झाली तर ती बाहेरच्या कुणाला सापडेल का? आणि सापडल्यावर किती दिवसांत कबूल होते? नॉर्डच्या फिनलंडमधल्या एका सर्व्हरमध्ये २०१८ च्या मार्चमध्ये घुसखोरी झाली, ग्राहकांना ते कळलं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर त्या कंपनीने बाहेरून तपासण्या करून घेतल्या हे खरं, पण मधला काळही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

९. सगळं एकाच्या हाती देऊ नये

शेवटी मी लावून देते ते असं. बँक आणि सरकारी कामांसाठी एक ब्राउझर, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. बाकीच्या भटकंतीसाठी फायरफॉक्स, त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' एवढं एकच. ज्या कंपनीचा ईमेल, तिचाच ब्राउझर आणि तिचाच फोन असेल, तर निदान व्हीपीएन तरी तिचा नको. डीएनएस कुलूपबंद करून देते. बहुतेक ब्राउझरांत ती सोय सेटिंगमध्येच असते. बँकेचं काम करताना व्हीपीएन बंद ठेवायला सांगते, कारण परदेशी आयपी पत्ता दिसला की बँकेची यंत्रणा संशय घेते आणि खातं अडकू शकतं. आणि अपडेट पुढे ढकलायचं नाही. माझ्या कामात जी खरी नुकसानं पाहिली, ती पाळतीपेक्षा जुन्या सॉफ्टवेअरने आणि फसव्या लिंकने जास्त केली.

१०. सगळ्यात मोठी गळती इंटरनेटच्या अलीकडे आहे

महिन्याला चारपाचशे रुपये व्हीपीएनला देणारा माणूस मॉलच्या काउंटरवर "सर, मोबाइल नंबर?" म्हटलं की दहा आकडे घडाघडा म्हणतो, मागच्या रांगेला ऐकू जातील असे. सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांचे फोटो अ‍ॅपमध्ये जातात, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधारच्या पीडीएफ पडून राहतात. यातलं काहीही कुठला व्हीपीएन किंवा ब्राउझर थांबवू शकत नाही.

दुकानदाराने मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच कळवलंय. मी "नंबर नाही देणार" म्हणते. काउंटरवरचं पोरगं क्षणभर स्क्रीनकडे बघतं, कुठलं तरी बटण दाबतं, आणि बिल निघतं.